झेनोटाइम : एक दुर्मीळ फॉस्फेट खनिज

नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग व भिलाई ही स्थानके लागतात. भिलाईच्या उत्तरेस नंदिनी नगर ही खाणकामगारांची वसाहत आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने उभारण्याचा करार १९५५ साली झाला, आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीत लोहखनिज वितळताना त्यातील माती व वाळूचा अंश वेगळा करण्यासाठी चुनखडक लागतो. ती गरज भागविण्यासाठी नंदिनीची खाण विकसित करण्यात आली. येथील चुनखडक मैलोगणती पसरलेला असून तो सुरुंगाने फोडून गाड्या भरभरून नेला जातो.

ज्या खनिजाची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे, त्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्याच छत्तीसगड राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, जशपूर जिल्ह्यातील नदीच्या वाळूत, तांबूस-पिवळ्या रंगाचे बारीक कण सापडतात. ते टनांच्या हिशेबाने उचलता येत नाहीत; मणभर वाळू धुवावी तेव्हा चिमूटभर हाती लागतात. या खनिजाचे नाव झेनोटाइम. ते यट्रियम या धातूचे फॉस्फेट होय. नंदिनीचा दगड आणि जशपूरचा कण यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तो कसा आहे हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

स्फुरद आणि त्याची खनिजे

फॉस्फरसाला आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांतून स्फुरद म्हणतात. निसर्गात तो मुक्त स्थितीत आढळत नाही. ऑक्सिजनाच्या चार अणूंशी बांधला जाऊन फॉस्फेटाच्या रूपात आढळतो. या फॉस्फेट-गटाशी निरनिराळ्या धातूंचा संयोग होऊन निरनिराळी खनिजे बनतात. त्यांतील सर्वांत विपुल खनिज ॲपेटाइट हे होय. ते कॅल्शियमाचे फॉस्फेट असून रासायनिक खतांचे मूळ द्रव्य आहे. आपल्या हाडांतील व दातांतील कठीण भागही त्याच कुळातला आहे.

चुना आणि स्फुरद यांची ही ओढ पोलादाच्या धंद्यात फार महत्त्वाची ठरली. लोखंडात स्फुरद राहिला तर ते थंड असताना ठिसूळ बनते आणि घाव बसताच तडकते. १८७८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिडनी टॉमस व त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी पोलादाच्या भट्टीला चुनायुक्त अस्तर देऊन व रसात चुना घालून हा स्फुरद मळीत ओढून घेण्याची युक्ती सिद्ध केली. ती मळी दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाऊ लागली. सारांश, फॉस्फेट-गट एकदा योग्य धातूला चिकटला की सहजासहजी सुटत नाही. हाच गुण झेनोटाइमच्या बाबतीत अधिक तीव्रतेने दिसून येतो.

नावाची कथा

झेनोटाइमच्या नावामागे रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक मनोरंजक प्रकरण आहे. स्वीडनमधील इटरबी या खेड्याजवळच्या खाणीत १७८७ साली एक काळा जड दगड सापडला. १७९४ साली योहान गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे पृथक्करण करून त्यात एक नवी 'मृत्तिका', म्हणजे आजच्या भाषेत नवे ऑक्साइड, असल्याचे जाहीर केले. खेड्याच्या नावावरून तिला यट्रिया आणि तीमधील धातूला यट्रियम हे नाव मिळाले.

पुढे १८१५ साली बर्झीलियस या विख्यात स्वीडिश शास्त्रज्ञाला फालून येथील खनिजांत आणखी एक अनोळखी मृत्तिका आढळली. ती नव्या मूलद्रव्याची आहे असे समजून त्याने त्याला थॉर या प्राचीन देवतेच्या नावावरून थोरियम हे नाव दिले. दहा वर्षांनंतर त्याने स्वतःच पुन्हा तपासणी केली, तेव्हा ती मृत्तिका म्हणजे नवे मूलद्रव्य नसून यट्रियमचे फॉस्फेट आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आपला दावा मागे घेतला. थोरियम हे नाव मात्र वाया गेले नाही. नॉर्वेहून आलेल्या एका वेगळ्या खनिजात १८२८-२९ मध्ये त्याला खरोखरच एक नवे मूलद्रव्य मिळाले आणि जुने नाव त्याने त्यास दिले.

१८३२ साली ब्युदाँ या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने यट्रियमच्या या नैसर्गिक फॉस्फेटाला नाव देताना जुन्या प्रकरणाची आठवण ठेवली. ग्रीक भाषेत 'केनोस' म्हणजे पोकळ आणि 'टिमे' म्हणजे मान. 'पोकळ मान' अशा अर्थाचा शब्द त्याला अभिप्रेत होता. पण पहिले अक्षर बदलून 'केनो'चे 'झेनो' झाले, आणि ग्रीक 'झेनोस' म्हणजे तर परका! अशा रीतीने एका फसलेल्या शोधाची आठवण देणारे नाव लेखनातील फरकाने अर्थ बदलून बसले आणि तसेच रूढ झाले.

गुणधर्म

शुद्ध झेनोटाइममध्ये वजनाने शेकडा ६१.४ भाग यट्रियम ऑक्साइड व उरलेले ३८.६ भाग फॉस्फरसाचे ऑक्साइड असते. प्रत्यक्षात इतके शुद्ध खनिज निसर्गात मिळत नाही. यट्रियमच्या काही जागा डिस्प्रोशियम, एर्बियम, यटर्बियम यांसारख्या जड विरल मृत्तिका धातूंनी घेतलेल्या असतात. युरेनियम व थोरियम हेही अल्प प्रमाणात शिरतात. म्हणून हे खनिज थोडेफार किरणोत्सर्गी असते.

त्याचे स्फटिक चतुष्कोणीय समुदायाचे असतात. दोन्ही टोकांना मनोऱ्यासारखे निमुळते होणारे आखूड चौकोनी खांब, हा त्यांचा नेहमीचा आकार होय. रंग पिवळसर तपकिरी ते तांबूस तपकिरी, क्वचित हिरवट किंवा करडा. चमक काचेसारखी ते राळेसारखी. कठिनता ४ ते ५, म्हणजे पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठू शकतो. विशिष्ट गुरुत्व ४.४ ते ५.१. सामान्य वाळूतील क्वॉर्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ असते, हे लक्षात घेता झेनोटाइमचा जडपणा ध्यानी येईल.

बाह्यरूपात हे खनिज झिर्कॉनशी इतके मिळतेजुळते असते की अनुभवी माणसाचीही गल्लत व्हावी. दोघांची स्फटिकरचना एकाच साच्याची आहे. त्यांतील भेद ओळखण्यास काठिण्य उपयोगी पडते. झिर्कॉनची कठिनता ७.५ असल्यामुळे त्यावर चाकू चालत नाही. शिवाय झेनोटाइम खांबाच्या बाजूंना समांतर अशा सपाट पृष्ठांवर सहज फुटतो. झिर्कॉनमध्ये असे पाटन स्पष्ट नसते. तिसरी कसोटी चुंबकाची. शक्तिमान विद्युत्-चुंबकाकडे झेनोटाइमचा कण ओढला जातो, झिर्कॉनचा सामान्यतः ओढला जात नाही. विशेष असे की यट्रियम स्वतः चुंबकाला दाद देत नाही. हा गुण खनिजाला त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे डिस्प्रोशियम, होल्मियम व एर्बियम यांनी, दिलेला असतो.

मोनाझाइटशी नाते

झेनोटाइमचा अधिक प्रसिद्ध नातलग म्हणजे मोनाझाइट. तेही विरल मृत्तिकांचेच फॉस्फेट. परंतु त्यात सीरियम, लँथॅनम, निओडिमियम हे हलके धातू असतात. दोन्ही खनिजांतील फॉस्फेट-गट एकच असूनही स्फटिक मात्र भिन्न समुदायांचे. याचे कारण धातूंच्या आयनांच्या आकारात आहे. विरल मृत्तिकांच्या मालिकेत अणुभार वाढत जातो तसतसा आयनाचा आकार लहान होत जातो. सीरियमसारख्या मोठ्या आयनाभोवती ऑक्सिजनाचे नऊ अणू मावतात व मोनाझाइटची एकनताक्ष रचना तयार होते. लहान आयनाभोवती आठच मावतात व झेनोटाइमची रचना तयार होते. यट्रियम अणुभाराने हलका आहे, परंतु त्याच्या आयनाचा आकार जवळजवळ होल्मियमएवढा आहे. त्यामुळे निसर्ग त्याला जड धातूंच्याच पंक्तीत बसवतो. वजन न पाहता माप पाहून भांडी एकात एक रचावीत, तसाच हा प्रकार होय.

आपल्या देशात मोनाझाइट विपुल आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत ते असल्याचे १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाच्या लक्षात आले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली, आणि १९५२ च्या डिसेंबरात केरळातील अलवाये येथे मोनाझाइटपासून विरल मृत्तिका वेगळ्या करण्याचा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. परंतु आपल्या मोनाझाइटमध्ये हलक्या मृत्तिकाच प्रामुख्याने असतात. यट्रियम व त्याचे जड सोबती फारच थोडे. म्हणूनच झेनोटाइमचा लहानसा साठाही दुर्लक्षिता येत नाही.

उत्पत्ती व आढळ

झेनोटाइमचे जन्मस्थान ग्रॅनाइट, पेग्मटाइट व पट्टिताश्म या खडकांत असते. भूगर्भातील शिलारस थिजू लागला की प्रथम नेहमीची खनिजे स्फटिकरूप होतात. त्यांच्या रचनेत न मावणारे धातू उरलेल्या रसात साठत जातात आणि शेवटी लहान कणांच्या रूपाने बाहेर पडतात. खडकात त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की खडक फोडून ते काढणे बहुधा परवडत नाही.

हे काम निसर्ग पाण्याकरवी करतो. ऊन-पावसाने ग्रॅनाइट झिजला की त्यातील फेल्स्पारची माती होते व ती वाहून जाते. झेनोटाइमवर मात्र पाण्याचा वा सौम्य अम्लांचा परिणाम जवळजवळ होत नाही. तो कण अखंड राहून नदीत येतो. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने सारलेल्या पाण्याइतके कमी होते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत वाचकांना ठाऊक आहेच. त्यानुसार एका मापाच्या क्वॉर्ट्झ-कणाचे पाण्यातील वजन १.६५ मानले, तर तेवढ्याच झेनोटाइम-कणाचे ३.५ च्या आसपास भरते, म्हणजे दुपटीहून अधिक. प्रवाहाचा वेग जेथे मंदावतो, अशा वळणाच्या आतल्या बाजूस किंवा खडकाच्या आडोशाला, जड कण खाली बसतात आणि हलकी वाळू पुढे जाते. अशा संचयाला प्लेसर निक्षेप म्हणतात.

जगात झेनोटाइमचा मोठा पुरवठा दीर्घकाळ मलेशियातून झाला. तेथील कथिलाच्या खाणींत वाळू धुतल्यावर मागे राहणाऱ्या 'आमांग' नावाच्या काळ्या गाळात हे खनिज असते. ब्राझील, नॉर्वे, मादागास्कर, नामिबिया व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथेही ते मिळते.

भारतात झेनोटाइमयुक्त नदीवाळू छत्तीसगड व झारखंड या राज्यांच्या सीमाभागात आढळली आहे. छत्तीसगडमध्ये जशपूर जिल्ह्यातील सिरी नदीचे निक्षेप प्रसिद्ध आहेत. हा प्रदेश छोटा नागपूरच्या पठाराचाच विस्तार असून तेथे ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांचे प्राबल्य आहे. या जिल्ह्यातील ईब नदीची वाळू लाकडी पात्रात धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझरा लोक पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करीत आले आहेत. पात्र हलवीत हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून सोडून द्यावयाची व तळाशी काळी वाळू राखावयाची, ही त्यांची रीत. शास्त्रज्ञही प्रथम हेच करतात. फरक एवढाच, की सोनझरा ज्या काळ्या वाळूतून सोने टिपून ती टाकून देतो, ती वाळू शास्त्रज्ञ जपून ठेवतो.

अणुखनिजांचा शोध घेण्याचे काम १९४९ साली सुरू झालेल्या सरकारी पाहणी-पथकातून वाढलेल्या अणु-खनिज संचालनालयाकडे आहे. त्याच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपूर येथे आहे. नदीपात्रातील धुतलेल्या जड वाळूत झेनोटाइमचे प्रमाण शेकडा सुमारे २ भाग भरते. उरलेल्या वाळूत इल्मेनाइट, गार्नेट, मोनाझाइट, झिर्कॉन इत्यादी असतात. ती वाळू वाळवून चुंबकी यंत्रांतून नेतात. सौम्य चुंबक प्रथम इल्मेनाइट ओढून घेतो; चुंबकाचे बळ वाढविल्यावर गार्नेट, मग झेनोटाइम व त्यानंतर मोनाझाइट असा साधारण क्रम लागतो; झिर्कॉन व क्वॉर्ट्झ मागे राहतात. घनतेतील फरक आणि विद्युत्-वाहकतेतील फरक यांचीही मदत घेतली जाते. शेवटी झेनोटाइमवर तप्त व तीव्र गंधकाम्लाची किंवा वितळलेल्या कॉस्टिक सोड्याची क्रिया करावी लागते, तेव्हा कोठे फॉस्फेटाची पकड सुटते.

उपयोग

यट्रियमचे नाव सामान्य माणसाच्या कानावर क्वचितच पडते. त्याचा उपयोग मात्र त्याने अनेकदा पाहिलेला असतो. १९६० नंतरच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तेजस्वी लाल रंग येऊ लागला, तो यट्रियमच्या संयुगात यूरोपियमचा अंश मिसळून केलेल्या प्रदीपक द्रव्यामुळे. १९६४ साली यट्रियम व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांच्या स्फटिकापासून एक प्रभावी लेसर तयार झाला. कारखान्यांत धातू कापण्यासाठी व शस्त्रक्रियेत त्याचा वापर होत आला आहे. १९८७ साली यट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपास अतिसंवाहकता आढळली. द्रवरूप नायट्रोजनाने, म्हणजे उणे १९६ अंशाने, साध्य होणारी ही पहिलीच अतिसंवाहकता होती. विमानाच्या इंजिनातील पाती प्रखर उष्णतेपासून राखण्यासाठी झिर्कोनियमच्या ऑक्साइडाचा जो थर देतात, त्याला यट्रियमच स्थैर्य देते. यट्रियम-९० हा किरणोत्सर्गी समस्थानिक यकृताच्या कर्करोगावरील उपचारात वापरला जातो. झेनोटाइममधील डिस्प्रोशियम व टर्बियम यांच्यामुळे चुंबक उष्णतेतही आपले बळ टिकवितात. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांना असे चुंबक लागतात.

या धातूंचा जगातील बराचसा पुरवठा आज दक्षिण चीनमधील विशिष्ट चिकणमातीतून होतो. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने यट्रियम, डिस्प्रोशियम व टर्बियम धरून सात धातूंच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांतील कारखानदारांना या अपरिचित नावांची एकाएकी दखल घ्यावी लागली. जशपूरच्या नदीतील कणांनी ही उणीव भरून निघेल असे समजणे चुकीचे होय. साठा लहान आहे, विखुरलेला आहे, आणि नदीचे पात्र खणताना तिच्या काठावरील शेतीचा व पाण्याचाही विचार करणे अवश्य आहे. तथापि अल्प प्रमाणात लागणाऱ्या वस्तूचा अल्प साठाही मोलाचा असतो. शिवाय वाळूचा अभ्यास करताना ती वाळू कोठल्या खडकातून आली याचा माग लागतो, हा लाभ वेगळाच.

खडकांचे घड्याळ

आता नंदिनीकडे परत वळू. तेथील चुनखडकात झेनोटाइम शोधू जाणे व्यर्थ आहे. तो खडक उथळ समुद्राच्या तळाशी बसलेल्या चुन्याच्या गाळाचा बनला आहे. ग्रॅनाइटच्या वाळूचा त्यात शिरकाव फार थोडा. परंतु हा समुद्र केव्हा होता, या प्रश्नाचे उत्तर देण्यास विरल मृत्तिकांच्या फॉस्फेटांनीच साहाय्य केले आहे.

छत्तीसगडच्या मैदानाखालील वालुकाश्म, शेल व चुनखडक यांच्या थरांनी सुमारे ३३,००० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. त्यांत शंखशिंपल्यांचे वा प्राण्यांचे अवशेष नाहीत. सूक्ष्म जीवांच्या थरांनी रचलेल्या, कोबीच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या स्ट्रोमॅटोलाइट या आकृतीच तेवढ्या चुनखडकात दिसतात. जीवाश्म नसल्यामुळे या थरांचे वय ठरविणे दीर्घकाळ कठीण गेले.

येथे युरेनियम उपयोगी पडते. युरेनियमचे अणू ठरावीक वेगाने विघटित होऊन त्यांचे शिसे बनते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ निम्मे होण्यास सुमारे ७० कोटी. झेनोटाइम, मोनाझाइट व झिर्कॉन यांचे स्फटिक तयार होताना युरेनियम वा थोरियम आत घेतात, परंतु शिशाला सहसा थारा देत नाहीत. म्हणून पुढे त्यांत आढळणारे शिसे विघटनातूनच आले असे धरता येते. शिसे व युरेनियम यांचे गुणोत्तर मोजले की स्फटिकाचे वय निघते, आणि दोन समस्थानिकांची दोन घड्याळे परस्परांशी ताडून पाहता येतात.

छत्तीसगडच्या थरांत प्राचीन ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. राख पडली तेव्हाच तिच्यातील स्फटिक थरात अडकले. म्हणून त्यांचे वय तेच त्या थराचे वय. वरच्या भागातील राखेच्या झिर्कॉनांवरून २००७ साली सुमारे १०० कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. पूर्वी मानले जाई त्यापेक्षा हे थर सुमारे ५० कोटी वर्षांनी जुने ठरले. दुर्ग-बेमेतरा परिसरातील धमधा येथील राखेच्या थराचे वयही २०११ साली तेवढेच निघाले. तळच्या बाजूच्या राखेतील मोनाझाइटच्या व झिर्कॉनच्या कणांनी १४० ते १५० कोटी वर्षांची साक्ष दिली. नंदिनीचा चुनखडक या दोन मर्यादांच्या दरम्यान बसतो. भिलाईच्या भट्टीत पडणारा प्रत्येक दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे, हे आपण आज सांगू शकतो ते मुठीत मावणार नाहीत इतक्या सूक्ष्म कणांच्या बळावर.

झेनोटाइमचे याहून निराळे असे एक वैशिष्ट्य आहे. वालुकाश्म तयार होत असताना, गाळ गाडला गेल्यावर थोड्याच काळात, वाळूतील जुन्या झिर्कॉन-कणांवर झेनोटाइमचे नवे पुट चढते. दोघांची रचना एकाच साच्याची असल्यामुळे ते पुट घट्ट बसते. झिर्कॉनचे वय सांगते तो मूळ ग्रॅनाइटचा काळ. पुटाचे वय सांगते तो गाळाचा काळ. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. राखेचे पट्टे जेथे नाहीत, जीवाश्मही नाहीत, अशा वालुकाश्मांचा काळ ठरविण्यास तिने नवा मार्ग खुला केला.

समारोप

झेनोटाइमचे मूल्य अशा प्रकारे दुहेरी आहे. त्यातील धातू उद्योगांना हवेत, आणि त्यातील कालगणना भूविज्ञानाला हवी. पहिले मूल्य मिळविताना कण विरघळवावा लागतो, दुसरे मिळविताना तो अखंड राखावा लागतो. म्हणून नदीची वाळू उपसली जाण्यापूर्वी तिचे नमुने नीट नोंदवून जपणे हे शहाणपणाचे ठरेल. वाचकांपैकी कोणी नदीकाठी गेला आणि वळणाच्या आत काळ्या वाळूची रेघ त्याला दिसली, तर भिंगाखाली ती अवश्य पाहावी. तीत झेनोटाइम असेलच असे नाही. पण त्या नदीच्या उगमाकडील डोंगर कशाचे आहेत, याचे उत्तर त्या रेघेत बहुधा लिहिलेले असते.